कर्जाची वही

(वर्षावास व्याख्यानमालेत मोखाडा येथे केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘बँकेच्या विविध योजना’ असा सांगितला होता आणि पत्रिकेवरही तोच छापला गेला. त्याबद्दल प्रथम क्षमा मागतो, कारण त्या विषयावर मी बोलणार नाही. योजनांचे पत्रक शाखेत फुकट मिळते. ते वाचून दाखविण्यासाठी, एवढ्या पावसात वाड्यापाड्यांवरून आलेल्या माणसांचा रविवार खर्ची घालणे बरे नव्हे. मी गेली वीस वर्षे बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो. बाहेर उभ्या असलेल्या माणसाचे कर्ज मला संगणकावर दिसते. माझे कर्ज मात्र त्याला कधी दिसले नाही. आज ते दाखवावे असे ठरवून आलो आहे.

जून २०१७ मध्ये माझ्या डोक्यावर सहा लाख चोवीस हजार रुपयांचे कर्ज होते. हातात पडणारा पगार होता चौतीस हजार. हा आकडा मी आज धडाधड सांगतो आहे, पण त्या वेळी तो मला स्वतःलाच ठाऊक नव्हता. सात ठिकाणी सात आकडे होते आणि त्यांची बेरीज करण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. दिवसभर दुसऱ्यांच्या खात्यांची बेरीज करणाऱ्या माणसाची ही अवस्था! मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. गणिताशी दहावीनंतर माझे फारसे सख्य राहिले नाही, हे खरे. पण इथे गणिताचा दोष नव्हता, भीतीचा होता.

हे कर्ज झाले कसे? कोणतेही व्यसन नाही, जुगार नाही. २०१४ मध्ये वडील आजारी पडले, नाशिकच्या एका खाजगी दवाखान्यात महिनाभर होते, आणि गेले. त्यासाठी माझ्याच बँकेतून कर्ज काढले, पुढे गावच्या घरावर स्लॅब टाकताना त्यातच वाढ करून घेतली. बहिणीच्या लग्नासाठी नोकरदारांच्या पतपेढीचे कर्ज घेतले. इथवर कोणी मला दोष देणार नाही. पण वडिलांच्या पुण्यानुमोदनाला चारशे पाने उठली, आणि त्यासाठी जानेवारी २०१५ मध्ये एका खाजगी माणसाकडून चाळीस हजार रुपये शेकडा पाच रुपये महिना व्याजाने आणले. बाप बँकेत असलेल्या मुलाचा होता, मग जेवण कसे व्हायला हवे, हे भावकीने ठरविले, आणि मी मान डोलावली. जुन्या रूढी आपण सोडल्या, तेराव्याचा खर्च सोडला, म्हणून आपण भाषणे करतो. माझ्या घरी तो खर्च नुसते नाव बदलून परत आला होता. वडील हयात असते तर त्यांनी मला उठून हाकलले असते. त्यांनी वनखात्यात रोजंदारीवर उमेदवारी करून आम्हा भावंडांना शिकविले होते आणि दुकानदाराचे चार आणे ठेवले नव्हते.

पुढे क्रेडिट कार्ड आले. आधी फ्रिज घेतला, मग कार्डावरूनच रोख काढून दुसऱ्या कर्जाचा हप्ता भरू लागलो. एकदा हे सुरू झाले की, माणूस मनाशी म्हणतो, माझा एकही हप्ता चुकलेला नाही. खरोखरच चुकलेला नसतो. फक्त तो दुसऱ्याच्या पैशाने भरलेला असतो.

आता ज्या गोष्टीमुळे मी शुद्धीवर आलो ती सांगतो. पतपेढीच्या कर्जाला माझे एक स्नेही जामीन होते. जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहेत. आज या सभागृहात बसले आहेत. नाव घ्यायचे नाही असे त्यांनी बजावले आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात पतपेढीचे माझे तीन हप्ते थकले. माझ्या पत्नीच्या हाती नोटीस पडू नये म्हणून मी पोस्टमनला सांगून ठेवले होते, पण जामीनदारालाही नोटीस जाते हे माझ्या ध्यानात राहिले नाही. जूनच्या पगारातून गुरुजींचे बेचाळीसशे रुपये कापले गेले. त्याच महिन्यात त्यांच्या मुलीचा अकरावीचा प्रवेश होता. ते संध्याकाळी माझ्या घरी आले. चहा घेतला. नागलीच्या रोपाबद्दल बोलले, खोडाळ्याच्या रस्त्याबद्दल बोलले, आणि निघताना चपला घालता घालता एवढेच म्हणाले, “तुम्ही आधी सांगितले असते तर मी तयारी ठेवली असती.” रागावले असते तर मला सोपे गेले असते.

विद्यार्थी मित्रांनी हे लिहून घ्यावे. जामीन राहणे म्हणजे ओळख देणे नव्हे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. धनको आधी कर्जदाराच्या मागे लागेल आणि मग तुमच्याकडे येईल असा काही नियम नाही. तो थेट तुमच्याकडे येऊ शकतो. नोकरी लागली की, पहिल्या सहा महिन्यांत कोणीतरी “नुसती सही हवी” म्हणून येतोच. नुसती सही अशी वस्तू कायद्यात नाही.

त्या रात्री मी मुलीच्या शाळेची एक दोनशे पानी वही घेतली. पत्नीला समोर बसविले आणि सगळे सांगितले. खाजगी माणसाचे व्याज तिला माहीत नव्हते, कार्डही माहीत नव्हते. वहीत जे लिहिले ते असे. माझ्या बँकेचे कर्ज दोन लाख ऐंशी हजार, व्याज अकरा टक्के, हप्ता ६,९००. पतपेढी दीड लाख, चौदा टक्के, हप्ता ४,२००. क्रेडिट कार्ड बासष्ट हजार, व्याज महिन्याला ३.४ टक्के, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांहून जास्तच. त्याची किमान रक्कम ३,१०० भरत होतो. मोटारसायकलचे एकतीस हजार शिल्लक, हप्ता २,६००. खाजगी चाळीस हजार, महिन्याला नुसते व्याज २,०००. मेव्हण्याकडून हातउसने पन्नास हजार, बिनव्याजी. आणि किराणा दुकानाची उधारी अकरा हजार. दरमहा बाहेर जाणारी रक्कम १८,८००. म्हणजे पगाराचा निम्म्याहून अधिक भाग घरात येण्याआधीच संपत होता. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली सूक्ष्म कर्जांसाठी नियम केला की, कुटुंबाचे सर्व हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तो नियम लहान उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आहे, पण मोजपट्टी म्हणून कोणाच्याही घराला लावून पाहावी.

वही लिहिताना एक गोष्ट डोळ्यांसमोर आली, ती आकड्यानेच सांगतो. माझ्या बँकेच्या दोन लाख ऐंशी हजारांचे वर्षाचे व्याज सुमारे तीस हजार आठशे होत होते. खाजगी माणसाच्या नुसत्या चाळीस हजारांचे व्याज होत होते चोवीस हजार. ‘शेकडा पाच’ हे बोलायला किती लहान वाटते! पण ते वर्षाला साठ टक्के आहे. अडीच वर्षांत मी त्याला साठ हजार रुपये देऊन बसलो होतो आणि मुद्दल चाळीसचे चाळीस उभे होते. आपल्या जुन्या लोकांत दामदुपटीचा नियम होता, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचे नाही असा. मी, बँकेतला माणूस, त्या नियमाच्याही पलीकडे जाऊन पैसे भरत होतो.

आता जरा आपल्या मुलखाकडे वळतो, कारण हे माझ्या एकट्याचे नाही. आपल्या जिल्ह्यात कर्जाने माणूस विकत घेण्याची चाल फार जुनी. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि त्यापोटी नवरा-बायको दोघांनी त्याच्या शेतावर राबायचे, त्याला लग्नगडी म्हणत. पावसाळ्यात पोटासाठी धान्य उचलायचे आणि पीक आले की वाढवून फेडायचे, ते पालेमोड. १९४५ साली डहाणू-उंबरगाव भागातील वारली बांधव या वेठीविरुद्ध किसान सभेच्या झेंड्याखाली उभे राहिले. गोदावरी परुळेकरांनी ती हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आहे. आपल्या ग्रंथालयात नसेल तर संस्थेने ते मागवावे. १९७६ मध्ये वेठबिगारी बंद करणारा कायदा संसदेने केला. त्यानंतरही १९८० च्या दशकात श्रमजीवी संघटनेला वसई-भिवंडीकडच्या वेठबिगारांना सोडविण्यासाठी झगडावे लागले. आणि अगदी २०२१ साली, आपल्याच तालुक्यातल्या एका आदिवासी मजुराने जीव दिला. मेलेल्या मुलाच्या कफनासाठी त्याने पाचशे रुपये घेतले होते आणि त्या पाचशे रुपयांपोटी त्याला राबवून घेतले अशी तक्रार होऊन वेठबिगारी कायद्याखाली गुन्हा नोंदविला गेला. वर्तमानपत्रात ती बातमी वाचली त्या दिवशी मी काउंटरवर पाचशेच्या नोटांची बंडले मोजत होतो. दुसरे काही सांगत नाही.

दिवाळी झाली की, मोखाडा-जव्हारच्या एस.टी. स्टँडवर बोचकी, कोंबड्या आणि लेकरे घेऊन माणसे उभी असतात. वीटभट्टीचा बयाणा त्यांनी आधीच घेतलेला असतो. तो सणात, आजारपणात नाहीतर जुने देणे फेडण्यात गेलेला असतो. मग सहा-सात महिने विटा पाडून तो फेडायचा. किती विटा पाडल्या, किती खर्ची घेतली, हे मालकाच्या वहीत असते. मजुराजवळ वही नसते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी चिडून उठले तेव्हा त्यांचा रोख सावकाराच्या कागदांवर होता. दस्त हिसकावून घेऊन त्यांनी जाळले. त्यांना बरोबर कळले होते की, कागद ज्याच्या हातात, हिशेब त्याचा. त्या दंग्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. आज कागद जाळायची गरज नाही. आपला स्वतःचा कागद असला म्हणजे पुष्कळ होते. मी शाखेत येणाऱ्या मजूर बांधवांना म्हणतो, तुमच्या शाळेत जाणाऱ्या पोराला वही घेऊन द्या आणि रोज रात्री त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्या: आज विटा किती, आज खर्ची किती. काहीजण हसतात. दोघांनी मात्र केले, आणि त्यांतल्या एकाचा हिशेब मुकादमाने पोराची वही बघून बदलला, हे त्याने मला स्वतः येऊन सांगितले.

असो. माझ्या वहीकडे परत येतो.

पहिला निर्णय असा की नवीन कर्ज एक रुपयाचेही नाही. कार्ड त्याच रात्री कात्रीने कापले. दुसरा निर्णय खाजगी माणसाचा. पत्नीच्या गळ्यात दोन तोळ्यांची माळ होती, तिच्या आईने दिलेली. मी ती मागितली नाही. मागण्याचे तोंड नव्हते. ती स्वतःच म्हणाली, “माळ बँकेत ठेवा. सुटेपर्यंत मी मण्यांची पोत घालीन. पण त्या माणसाचा फोन पुन्हा या घरात वाजता कामा नये.” सोन्यावर दहा टक्के व्याजाने चाळीस हजार मिळाले आणि ते दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात ठेवून, मी दिलेला कोरा धनादेश व सही केलेला कागद परत घेतला. साठ टक्क्यांचे कर्ज दहा टक्क्यांवर आले. हप्ता सुमारे साडेतीन हजारांचा, म्हणजे पूर्वीच्या व्याजापेक्षा दीड हजार जास्त. पण तो बारा महिन्यांनी संपणार होता, आणि ते दोन हजार मात्र मरेपर्यंत चालले असते.

इथे सावधगिरीचे दोन शब्द. सगळी कर्जे एकत्र करून एक मोठे कर्ज काढण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. व्याजाचा दर कमी होत असेल तरच ते करावे. हप्ता कमी झाला म्हणून आनंदू नये. मुदत लांबविली की हप्ता कमी होणारच, व्याज मात्र एकूण जास्त जाते.

तिसरे काम कार्डाचे. कार्डाच्या बासष्ट हजारांवर मी महिन्याला ३,१०० भरत होतो, त्यातले २,१०० व्याजातच जात होते. मी त्यांना पत्र लिहिले की, कार्ड बंद करा आणि बाकीचे हप्ते पाडून द्या. दोनदा नकार आला, तिसऱ्यांदा सोळा टक्के दराने चोवीस हप्ते करून मिळाले. हप्ता आला ३,०३६. म्हणजे जेवढे मी आधी भरत होतो त्याहून चौसष्ट रुपये कमी, आणि दोन वर्षांत कर्ज साफ! एक पत्र लिहिण्याचा आळस मला किती महाग पडला असता, याचा हिशेब मी अजून केलेला नाही.

मग मी माझ्या शाखाधिकाऱ्यांकडे गेलो. हे सर्वांत कठीण होते. बँक कर्मचाऱ्याने प्रमाणाबाहेर कर्ज करणे हा आमच्या सेवेच्या नियमात दोष धरला जातो. साहेबांनी सगळी वही वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, “लपविणारा कारकून मला चालत नाही. सांगणारा चालेल.” पतपेढीच्या सचिवांनाही भेटलो. थकलेल्या तीन हप्त्यांची रक्कम शेवटी जोडून घेतली आणि गुरुजींना पत्र गेले की, यापुढे त्यांच्या पगारातून कपात होणार नाही. ते पत्र मी स्वतः नेऊन दिले. सोबत ४,२०० रुपये नेले होते. त्यांनी ते मोजून घेतले, आणि मोजून घेतले याचा मला फार आधार वाटला.

किराण्याची उधारी गणिताप्रमाणे शेवटी फेडायला हवी होती, कारण तिला व्याज नव्हते. पण त्या दुकानावरून मला रोज जावे लागे आणि मी रोज मान खाली घालून जात असे. म्हणून दरमहा हजार रुपये तिथे द्यायचे ठरविले आणि पुढचा माल रोखीने. जास्त व्याजाचे कर्ज आधी फेडावे हा नियम मी तुम्हाला सांगतो, आणि त्यातही जिथे मान खाली जाते तिथले लहान देणे पुढे घेतले तर मी दोष देणार नाही.

घरात आता उरत होते साधारण १२,७००. पाच माणसे. आईची औषधे आणि मुलीच्या वह्या-पुस्तकांना कात्री लावायची नाही, एवढे ठरले होते. बाकी सगळे कापले. केबल बंद, मोटारसायकल फक्त बाजाराच्या दिवशी, दोन वर्षे नवे कपडे नाहीत. लग्नाच्या आहेराचा प्रश्न आला तेव्हा पत्नीने आहेर म्हणून पुस्तक द्यायला सुरुवात केली. एक-दोन ठिकाणी लोक कुजबुजले. जयंतीच्या वर्गणीसाठी कार्यकर्ते आले तेव्हा मी अकराशेऐवजी एकशे एक दिले. त्या पोरांनी पावती फाडली आणि काही बोलले नाहीत. मी मात्र आठ दिवस त्यांचे तोंड चुकवीत होतो. आज या व्यासपीठावरून कार्यकारिणीला एक विनंती करतो. वर्गणीचा आकडा घराच्या दारात उभे राहून सांगू नये. ज्याच्या घरात वही सुरू आहे त्याला तो ओलांडता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही.

वर्षभराने, जुलै २०१८ मध्ये, माळ सुटली आणि मोटारसायकलही मोकळी झाली. सुमारे सहा हजार एकशे रुपये महिन्याला मोकळे झाले. खरी परीक्षा इथे असते. इतके दिवस उपाशी असलेले मन म्हणते, आता थोडे जगू या. आम्ही ते पैसे तसेच उचलून कार्डाच्या हप्त्याला जोडले आणि दिवाळीच्या सुमारास कार्ड संपले. मग कार्डाचा हप्ता आणि ते सहा हजार, असे नऊ हजार एकशे हाताशी आले. त्यांतले तीन हजार मेव्हण्याला आणि उरलेले पतपेढीला. ओढ्याला ओढा मिळत गेला की नदी होते तसे हे काम आहे. सुरुवातीला काही हलताना दिसत नाही, दुसऱ्या वर्षी एकदम वेग येतो. २०१९ ची दिवाळी झाल्यावर पतपेढीचा बेबाकी दाखला हातात आला. तो घेऊन मी आधी घरी गेलो नाही, गुरुजींच्या शाळेवर गेलो.

त्यानंतर आले २०२०. भावाची भिवंडीच्या गोदामातली नोकरी टाळेबंदीत गेली आणि त्याचे कुटुंब आमच्याकडे आले. रिझर्व्ह बँकेने त्या मार्चमध्ये हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली, ती पुढे ऑगस्टअखेर वाढली. काउंटरवर लोक विचारीत, “साहेब, सरकारने हप्ता माफ केला ना?” माफ नव्हता केला. हप्ता थांबला होता, व्याज चालू होते. माझे तेव्हा एक लाख वीस हजारांच्या आसपास राहिले होते. मी तीन महिन्यांची सवलत घेतली आणि त्याचे सुमारे ३,३०० रुपये व्याज वर चढले. गरज होती म्हणून घेतली, पण काय किंमत पडणार हे आधी वहीत लिहून घेतली. मार्च २०२१ मध्ये शेवटचा हप्ता गेला. पावणेचार वर्षे लागली.

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. त्यांत एक आहे अनणसुख, कोणाचे देणे नसण्याचे सुख. मी हे प्रवचनातून अनेकदा ऐकले होते आणि दरवेळी वाटे की, संपत्तीचे सुख आणि उपभोगाचे सुख यांच्या पंक्तीला हे लहानसे सुख कशाला बसविले असेल? मार्च २०२१ च्या त्या संध्याकाळी मी घराच्या ओट्यावर नुसता बसलो होतो. फोन वाजला आणि मी दचकलो नाही. एवढेच झाले.

पण कर्ज म्हणजे पाप असे मी म्हणत नाही. बँकेतला माणूस तसे म्हणू लागला तर त्याची नोकरी जाईल. बाबासाहेबांनी अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी १९२० साली लंडनची वाट धरली तेव्हा मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले होते. त्या कर्जातून काय उभे राहिले ते आपण जाणता. शिक्षणाचे कर्ज, विहिरीचे कर्ज, धंद्याचे कर्ज घ्यावे. पण घेताना वहीत पहिल्या दिवशी लिहावे की, हे कोणत्या पैशातून फिटणार.

काही गोष्टी घाईने सांगतो, कारण पाऊस वाढतो आहे आणि शेवटची गाडी चुकायला नको.

‘बारा टक्के फ्लॅट’ असे कोणी म्हणाले तर थांबा. एक लाख रुपये तीन वर्षांसाठी घेतले तर छत्तीस हजार व्याज आणि हप्ता ३,७७८ येतो. दरमहा मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर धरलेले असते. बँकेच्या पद्धतीने मोजले तर हा दर एकवीस टक्क्यांवर जातो.

परवान्याशिवाय सावकारी हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परवानाधारक सावकारालाही चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करायची असते. सावकाराने बळकावलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतली असेल तर तीही परत मागता येते. मला हा कायदा २०१७ मध्ये माहीत होता. तरी मी तक्रार केली नाही, कारण तो माणूस ओळखीचा होता आणि मला लाज वाटत होती. लाज त्याला वाटायला हवी होती.

मोबाईलवरचे झटपट कर्ज विद्यार्थ्यांनी घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. घेतलेच असेल तर कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था कोण, एकूण खर्च किती, हे लेखी देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, धमकावता येत नाही. तसे झाले तर एकट्याने सोसू नका, घरी सांगा. बचतगटाच्या भगिनींनी एका कंपनीचा हप्ता भरण्यासाठी दुसऱ्या कंपनीचे कर्ज घेऊ नये. माझ्या कार्डाची गोष्ट तीच आहे.

थकलेले कर्ज तडजोडीने मिटविता येते, लोकअदालतीतही मिटते. पण तडजोड झाली की, पतअहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो आणि पुढे कर्ज मिळणे अवघड जाते, हे समजून करावे. ‘आम्ही तुमचे कर्ज मिटवून देतो’ म्हणत आधीच फी मागणाऱ्यापासून दूर राहावे. असा सल्ला विनामूल्य देण्यासाठी बँक ऑफ इंडियाने २००६ साली मुंबईत ‘अभय’ नावाचे केंद्र काढले होते. आता जिल्ह्याच्या पातळीवर अग्रणी बँकेमार्फत आर्थिक साक्षरता केंद्रे चालतात. नाव चांगले होते, अभय. कर्जदाराला आधी तेच लागते.

पालघर आपल्याला लांब पडते, मुंबई त्याहून लांब. म्हणून संस्थेच्या परवानगीने एक व्यवस्था केली आहे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुटी असते. त्या दिवशी सकाळी दहा ते एक मी विहाराच्या मागच्या खोलीत बसणार आहे. गुरुजीही येणार आहेत; ते म्हणाले, जामीनदाराच्या बाजूनेही कोणीतरी बसायला हवे. येताना हप्त्यांची पुस्तके, पावत्या, मोबाईलवर आलेले संदेश, जे असेल ते घेऊन या. काहीच नसेल तर आठवेल तसे सांगा, आपण मिळून लिहून काढू. तुमचे नाव वहीवर घालायची गरज नाही. वही तुमच्याकडेच राहील. नवरा-बायको दोघे मिळून आलात तर जास्त बरे.

पहिल्या शनिवारसाठी माझ्याकडे पंचवीस कोऱ्या वह्या आहेत. सभा संपल्यावर दाराशी ठेवल्या आहेत, ज्यांना हव्यात त्यांनी न्याव्यात.

जय भीम.